चुक्याची टोपली

चुका खुडला नाही तर जून होतो आणि खुडत राहिलं तर थांबत नाही. घरात खाणारी तोंडं किती, हे तो विचारत नाही. धुळ्याला मी एकटीसाठी चुक्याचा वाफा करायचे आणि तो अख्ख्या गल्लीला पुरेल इतका यायचा. यातच माझ्या त्या वर्षांची बरीचशी गोष्ट आली.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं. लग्न होऊन आले ती धुळ्यात, पांझरेपासून जवळच्या एका गल्लीत, दोन भाड्याच्या खोल्यांमध्ये. हे मोजणी खात्यात होते. दिवाळीचा फराळ संपला की साखळी, झेंडे आणि वळकटी घेऊन साक्री, शिरपूरकडे निघायचे ते शेतं तापायला लागली की परतायचे. मधे एखाद-दोनदा येऊन कपडे बदलून जायचे. सासू नव्हती, सासरे नव्हते, मूलबाळ नव्हतं. माहेरी आल्यागेल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, डोक्यावर सासू नाही. त्यांना मी मनातल्या मनात म्हणायचे, बायांनो, एकदा दोन खोल्यांत एकट्या राहून बघा. भांडायलासुद्धा माणूस लागतं.

घरामागे थोडी जागा होती. मुरमाड, खडे भरलेली. मी घमेल्यानं पांझरेकाठचा गाळ आणून तिथं पसरला, चुलीतली राख टाकली, न्हाणीच्या पाण्याला पाट काढून दिला आणि वाफा केला. बी माहेरून आणलेलं. चुक्याचं बी गुलाबी पापुद्र्यात असतं, हातावर चोळलं की पापुद्रा निघून आत काळपट दाणा दिसतो. दसरा झाला की मी ते कोरड्या मातीत कालवून फेकायचे, नाहीतर बारीक बी एकाच जागी पडतं आणि रोपं एकमेकांच्या उरावर बसतात. वरून हातानं माती सारखी करायची आणि पाणी शिंपडायचं ते ओंजळीनं. बादली ओतली की बी वाहून कोपऱ्यात गोळा होतं, आणि मग तिथं चुक्याची जत्रा आणि बाकी वाफा मोकळा.

पानं चांगली हाताएवढी झाली की खुडायला लागायचं. विळा लावायचा नाही. बाहेरची पानं देठासकट चिमटीनं मोडायची आणि मधला कोंब तसाच ठेवायचा. आई खुडताना दर वेळी म्हणायची, "मधला कोंब झाडाचा, भायेरचे पानं गावाचे." गावाचे म्हणजे खरोखरच गावाचे. आमच्याकडे परसातल्या भाजीचा पहिला खुडा घरात शिजत नसे. तो वानोळा म्हणून शेजारी जायचा, मग घरात. पाठवलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नसे. त्यात दोन मिरच्या, मूठभर शेंगा, काही ना काही टाकूनच ते परत यायचं. आई सांगायची, रिकामं भांडं परत आलं तर समजावं की त्या घरी काही बिनसलं आहे.

आईनं आणखी एक गोष्ट बजावली होती. चुका पितळेत शिजवायचा नाही. कल्हई चकचकीत असली तरी नाही, कारण ती कुठं विटली आहे हे डोळ्यांना लवकर कळत नाही आणि आंबटाला लगेच कळतं. अन्न कळकतं, आणि कळकलेलं खाल्लं की माणूस आडवा होतो. आमच्याकडे चुक्यासाठी मातीचं गाडगं वेगळं असायचं. डाळ, शेंगदाणे आणि चुका त्यातच शिजायचा, त्यातच घोटायचा, वरून लसणाची फोडणी. सोबत कळण्याची, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली भाकरी. लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

अक्का आमच्या परसाच्या पलीकडे राहायची. मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात एक माणूस जाईल एवढी फट. उंच, काटक बाई. आवाज असा की ओसरीवरून हाक मारली तर गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. नवरा, ज्याला सगळे नाना म्हणत, दिवसभर ओसरीवर बसून असायचा. मुलगा जिनिंगमध्ये कामाला, आणि नुकतीच आलेली सून. गल्लीत कुणाकडे लग्न असलं की मांड्यांच्या खापरावर अक्काच. तिच्या हाताला चव होती आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

मी आले त्या आठवड्यात तिनं फटीतून डोकं घालून तिच्या अहिराणीत मी कुठली ते विचारलं, "तू कथानी शे वं? रावेरकडली? तठे बठ्ठा केळाच खातस का?"

मी म्हटलं, "नाही, साल काढून खातो."

ती इतकी हसली की नाना ओसरीवरून बघायला लागला. त्या दिवसापासून मला धुळ्यात एक माणूस झालं. संध्याकाळी ती मला ओसरीवर बसवून वेणी घालायची, केस ओढून ओढून, आणि गल्लीतल्या एकेका घराची कुळकथा सांगायची. माझ्या आईचा हातही असाच होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढणारा. मी ते पाणी येऊ द्यायचे. वेणीचंच आहे असं तिला वाटायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी चुक्याचा पहिला खुडा तिला पाठवला. शिजवलेली भाजी पाठवली नाही. जात वेगळी, घर नवं. कुणाचं शिजलेलं कुणाला चालतं आणि कुणाला नाही, हे कळायला वर्ष जातं. कच्च्या भाजीला मात्र कुणी नाही म्हणत नसे. माझ्याकडे आईनं दिलेली बांबूच्या कामट्यांची एक लहान टोपली होती, काठाला लाल चिंधी गुंडाळलेली. तीत चुका भरून मी फटीतून अक्काच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी टोपली परत आली ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवलेले पापड, घेऊन. मग मी मेथी, तिनं शेंगा. मी चुका, तिनं गूळ. दोन हिवाळे ती टोपली कुंपणातून अशी येत-जात होती. हे फिरतीवरून आले की म्हणायचे, "टोपलीचे पाय थकले असतील."

तिसऱ्या हिवाळ्यात अक्काच्या सुनेला दिवस गेले. तिला आंबटाचे डोहाळे लागले, आणि चिंच, बोरं सगळं बाजूला ठेवून तिनं चुकाच मागितला. अक्का फटीतून म्हणाली, "तुना चुका दे वं, पोर नुसती चुका चुका करी रायनी." मला इतका आनंद झाला! आपल्या परसातला पाला कुणाच्या पोटातल्या जिवाला हवा आहे, हे ऐकून मला कुठंतरी आत बरं वाटलं. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं होत आली होती, आणि काय काय बरं वाटलं हे मी इथं फोडून सांगत बसत नाही. मी वाफ्यातली सगळ्यांत कोवळी पानं निवडली, टोपली शिगोशीग भरली आणि दिली.

त्या वर्षी लढाईमुळे कल्हईचं कथील मिळेनासं झालं होतं. वर्षातून दोनदा आमच्या निंबाखाली भाता लावून बसणारा कल्हईवाला आलाच नव्हता. घरोघरची भांडी आतून पिवळी पडत चालली होती. मला गाडगं होतं, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. आणि अक्का म्हणजे अक्का. जिनं गल्लीतल्या निम्म्या बायकांना भाकरी थापायला शिकवलं, तिला पितळेबद्दल मी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून ओकाऱ्यांचा आवाज ऐकू आला. मी फटीतून धावले. सून भिंतीला टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक. नाना अंथरुणावर मुरगळून पडलेला. मुलगा रात्रपाळीला होता म्हणून वाचलेला, तो डॉक्टरला आणायला गेला होता. अक्काला काही झालं नव्हतं, कारण आदल्या दिवशी एकादशी होती आणि तिनं चुक्याला तोंड लावलं नव्हतं. तिनं चव घेतली असती तर पहिल्या बोटालाच तिला कळलं असतं.

मागच्या मोरीजवळ पितळी पातेलं पाण्यानं भरून ठेवलेलं होतं. मी पाहिलं. बुडाशी कल्हईचा पत्ता नव्हता, आणि काठाला जिथं भाजी टेकली होती तिथं हिरवट रेघ उमटली होती. मी अक्काकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अक्का, कल्हई..."

तिनं ते पातेलं उचललं, पाणी ओतून दिलं आणि राखेच्या ढिगावर पालथं घातलं.

तोवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. एकीनं विचारलं, काय खाल्लं होतं? अक्काची सून कण्हत म्हणाली, चुका. कुणाच्या घरचा? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. त्यातली एक माझ्या घराच्या समोरच राहायची, रोज सकाळी मला पाणी भरताना हसणारी. ती म्हणाली, "चुका शे का आखो काय शे, कोन जाने. न्हानीना पानीवर उगाडेल." दुसरी हळू बोलली, पण मला ऐकू येईल इतकीच हळू. पोटुशा बाईनं वांझेच्या हातचं घ्यावं का, असं ती म्हणाली.

मी अक्काच्या बोलण्याची वाट पाहत होते. एक शब्द पुरला असता. नुसतं "भांडं" एवढं म्हणाली असती तरी सगळ्या बायकांना कळलं असतं, सगळ्या स्वयंपाक करणाऱ्याच होत्या. अक्का सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टर आला, औषध दिलं. दोन-तीन दिवसांत दोघंही उठून बसले. पोटातलं मूलही सुखरूप राहिलं. माझं काय झालं ते मात्र डॉक्टरला कुणी विचारलं नाही.

मी गप्प बसणारी नव्हते. पाणी भरायच्या जागी मी सरळ सांगितलं, की चुका रोज मी खाते, मला काही होत नाही. भांड्याला कल्हई नव्हती, भाजी कळकली. तर सगळ्या माझ्यावरच उलटल्या. अक्काच्या भांड्याला नाव ठेवते? जिनं लेकीसारखं केलं तिच्यावरच ढकलते? चोराच्या उलट्या बोंबा! मी कळशी उचलून घरी आले. त्या दिवशी मला कळलं की खरं बोलायलासुद्धा गल्लीत जुनं असावं लागतं.

त्यानंतर माझ्या हातचं कुणी काही घेतलं नाही. बोलणं बंद केलं असं नाही, "काय, झालं का?" एवढं विचारायच्या. पण मी भाजी पुढं केली की, "कालचीच उरलीय" असं म्हणायच्या. संक्रांतीला मी हळदीकुंकवाला बोलावलं. आल्या, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ पदरात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना माझा तिळगूळ अंगणाबाहेर दगडापाशी पडलेला दिसला, मुंग्या लागलेला. मी तो केरसुणीनं लोटला आणि आत जाऊन मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं, तेव्हा आवाज कशाला दाबायचा?

हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मेथी लाव." दुसऱ्यांच्या बांधांवरची पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं मिटवणारा माणूस, घरामागच्या कुंपणापर्यंत त्यांनी कधी साखळी नेली नाही. मला राग आला, पण त्यांचा तरी काय दोष. ते चार दिवस राहणार आणि जाणार. गल्ली माझी होती, त्यांची नव्हती.

मेथी मी लावली नाही. पुढच्या दसऱ्याला परत चुकाच पेरला, आणि आधीपेक्षा मोठा वाफा केला. जिद्द म्हणा, हट्ट म्हणा. वाफा मोडला असता तर त्यात विष होतं असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि चुका तो, खुडावा तितका येणारा! मी एकटी बसून खायचे. घोटलेला चुका, चुक्याची चटणी, चुक्याचं वरण. दात इतके आंबायचे की भाकरी पाण्यात बुडवून खावी लागायची. उरलेला मी गवळ्याच्या म्हशीला घालायला लागले. तेवढा एक जीव माझ्या हातचं आनंदानं खायचा. मग एक दिवस गवळी आला आणि कान खाजवत म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण तुमच्या पाल्यानं दूध नासतं म्हणतात." म्हणजे म्हैसही गेली. तेव्हा मात्र मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी एकटीच घरात हसले, आणि ते हसणं ऐकून माझं मलाच कसंतरी झालं.

टोपली अक्काकडेच राहिली होती. ती तरी कशी परत करणार? रिकामी परत करायची नाही, आणि भरून पाठवायची तर तुझं-माझं काही बिनसलं नाही असं म्हणण्यासारखं. तिनं ती मागच्या ओसरीतल्या खुंटीला अडकवून ठेवली. माझ्या परसातून ती सरळ दिसायची, काठाची लाल चिंधी उडत असलेली. मी पाणी घालायला वाकले की दिसायची, उठले की दिसायची. चूल पेटवायला घेतली नाही, कोपऱ्यात फेकली नाही. ती खुंटीवर होती तोवर मला वाटत राहायचं की अजून काही संपलेलं नाही. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

सून बाळंत झाली, मुलगी झाली. बारशाला सगळी गल्ली गेली. मला बोलावणं नव्हतं. मी चुलीपुढं बसून पाळणा ऐकला. अक्काचा आवाज सगळ्यांच्या वर होता. घुगऱ्यांचा वास आमच्या घरापर्यंत आला. मी त्या संध्याकाळी काही शिजवलं नाही.

मुलगी रांगली, चालायला लागली. फटीशी आली की तिची आई तिला ओढून न्यायची. अक्का ओसरीत यायची, माझ्याकडे पाठ करून धान्य पाखडायची. तिची पाठ मला पाठ झाली होती. आता केस पिकलेत, आता थोडी वाकलीय, आज नानाशी भांडलीय. सगळं मला त्या पाठीवरून कळायचं. वेणी मी स्वतःच घालायला शिकले, सैल, कशीतरी.

मग यांची जळगावला बदली झाली. होळी होऊन गेली होती. ऊन तापलं होतं आणि वाफ्यातला चुका बियांवर आला होता. चुका बियांवर आला की त्याचं खाण्याचं काम संपतं. मधून दांडा वर जातो, पानं बारीक, राठ होतात आणि दांड्याला गुलाबी तुरे लटकतात. मी भांडी पोत्यात बांधत होते. त्या हिवाळ्यात किती टोपल्या चुका मी मातीत गाडला होता ते देवाला ठाऊक.

भर दुपारी पुढचं दार वाजलं. फटीतून नव्हे, पुढचं, गल्लीतलं. उघडलं तर अक्का. कमरेवर एक नवं कोरं गाडगं.

मी तिच्याकडे पाहिलं, गाडग्याकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती. त्या गाडग्यात सगळं होतं. तरी मी आडमुठेपणानं दारातच उभी राहिले.

ती म्हणाली, "सून परत पोटुशी शे. तिले चुकाच पाहिजे."

माझ्या तोंडून निघालं, "आता? अक्का, तीन हिवाळे म्हशीला घातला, मातीत घातला. आता बी धरलंय त्यानं. आता कुठला चुका?"

तिचं तोंड पडलं. एवढी ताठ बाई, पण माझ्या दारात गाडगं धरून तशीच उभी. माझ्या मनात आलं, जाऊ दे तिला रिकामी. आलं, ते खोटं कशाला सांगू? समोरच्या घरातली बाई उंबऱ्यात येऊन बघत होती. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "या आत."

आम्ही मागे गेलो. अक्का वाफ्यात उकिडवी बसली आणि दांडे बाजूला सारून खाली बघायला लागली. बुडाशी, सावलीत, कुठं कुठं लहान पानं होती, अंगठ्याएवढी. एकेका झाडाला दोन, तीन. मीही बसले. तीन वर्षांनी आमचे हात एका ठिकाणी चालत होते. तिच्या हातावरच्या शिरा वर आल्या होत्या. ती मधला दांडा न दुखवता पान मोडत होती, अगदी मी मोडते तशी. कुंपणापलीकडून बघून शिकली असणार.

खुडता खुडता ती जमिनीकडे बघत म्हणाली, "भाजी चांगली व्हती वं. मनं भांडं कळकेल व्हतं."

"मला माहीत होतं. मी पातेलं पाहिलं होतं."

"तू देखेल व्हतं हाई बी माले माहीत व्हतं. म्हनीसन तुनाकडे देखाले तोंड नव्हतं." आणखी एक पान मोडून ती म्हणाली, "बोलतू तर सून माहेरले चालनी जाती. मना हातनं कोनी खातं नही."

मी म्हटलं, "आणि माझ्या हातचं?"

ती पुढच्या झाडाकडे सरकली आणि पानं खुडत राहिली. खरं सांगायचं तर एखादं उत्तर तिनं दिलं असतं तर मी तिला वाफ्यातून उठवलं असतं. ती गप्प राहिली म्हणून मी तिच्याशेजारी बसू शकले.

गाडग्याच्या बुडाशी जेमतेम पसरतील एवढी पानं जमली. मी ते पुढं केलं तर तिनं परत माझ्याकडे सरकवलं. "तूच शिजाड. माले आते भ्या वाटस."

माझी भांडी बांधून झाली होती, पण चूल होती. नव्या गाडग्याला पाणी पाजलं, डाळ घातली, शेंगदाणे घातले, चुका घातला आणि घोटून घोटून मऊ केला. पानं राठ, तेव्हा वेळ लागला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. बघत होती. फोडणी बसल्यावर मी पळीनं थोडं तिच्या तळहातावर घातलं. तिनं फुंकर मारली आणि चाटून खाल्लं. माझ्या हातचं शिजलेलं, पहिल्यांदा. डोळे मिटून घेतले. "आंबट शे," म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

जाताना मी मागची फट दाखवली, जवळ पडेल म्हणून. ती पुढच्या दारानं गेली. गाडग्यावर झाकण ठेवलं होतं ते तिनं काढून मला परत दिलं. मी दारात उभी राहून पाहत होते. समोरच्या बाईनं विचारलं, "काय शे वं अक्का?"

"चुका," अक्का तिच्या त्या जुन्या आवाजात म्हणाली. "हिना घरना. हिनाच हातना."

एवढंच. भांड्याचं ती गल्लीत तेव्हाही बोलली नाही. मला ते हवं होतं. तीन वर्षं मी त्याच एका वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते मला माझ्या परसात, दोघींच्यात मिळालं. अर्धंच मिळालं. घेतलं.

सून चाटूनपुसून जेवली असं नंतर कळलं, आणि कुणाला काही झालं नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी टांगा दाराशी उभा होता. अक्का आली. हातात माझी टोपली. चिंधीचा लाल रंग उडून गेला होता, पण टोपली धुऊन घेतलेली होती. आत फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, वाटेसाठी. तिनं माझी वेणी हातात धरून पाहिली आणि म्हणाली, "काय हाई वेनी शे!" आणि तिथंच, टांगेवाला घाई करत असताना, यांच्या देखत, तिनं ती सोडून परत घातली. ओढून ओढून. या वेळी डोळ्यांत पाणी कशानं आलं हे तिला कळलं असावं, कारण तिचेही हात मधेच थांबले.

भाकरीचं फडकं मी काढून घेतलं. रिकामी टोपली हातात होती. ती मी परत करू शकत नव्हते, आणि बरोबर नेली असती तर माझं-तिचं देणंघेणं तिथं संपलं असतं. मी मागे गेले. वाफ्यातले वाळलेले तुरे सगळे ओरबाडून टोपलीत भरले, आईकडून आलेलं ते सगळं बी. जळगावला आम्हाला वरच्या मजल्यावर खोल्या मिळाल्या होत्या, मातीला हात लागणार नव्हता. टोपली मी अक्काच्या हातात दिली.

"दसऱ्याला पेरा. ओंजळीनं पाणी द्या, बादलीनं नको."

"माले शिकाडस का वं?" ती म्हणाली. टांगा हलला.

धुळ्याला नंतर जाणं झालं नाही. अक्काची दोनदा खबर मिळाली, मग मिळाली नाही. जळगावच्या बाजारात थंडीत चुका येतो. मी एक जुडी घेते आणि मातीच्या भांड्यात शिजवते. धुळ्याकडचं कुणी येणार असं कळलं की पुष्कळ वर्षं मी त्यांच्या हातांकडे आधी बघायचे. टोपली रिकामी परत करायची नसते, तेव्हा ती भरायची राहिली असेल असं मी धरून चालते.